चार ओळींची पाटी

माहेरी जाताना पालीच्या स्टँडवर उतरलं की फाल्गुन आधी नाकाला कळतो. कुणाच्या तरी पायाखाली काजूचे बोंडू चिरडलेले असतात, त्यांचा गोडसर आंबूस वास आणि वरच्या अंगाने येणारा शेतातल्या भाजावळीचा धूर. परवाच्या रविवारी तो वास आला आणि माझं पाऊल जरा अडखळलंच. रिक्षावाला ओळखीचा. त्याने सहज विचारलं, तुमच्या वाडीत पालखी यंदा कधी? मी म्हटलं, येईल तेव्हा येईल. बिचाऱ्याने रिक्षा सुरू केली. त्याचा काय दोष? शिमगा जवळ आला की मला हल्ली पालखीचं नाव नको असतं, हे त्याला कोणी सांगितलं होतं!

एके काळी मी शिमग्याची इतकी वेडी होते की लग्न ठरताना माझी अट एकच होती. दागिने घाला नाहीतर घालू नका, पालखीला मला माहेरी धाडायचं. सासर रत्नागिरीत, बंदराच्या अंगाला. तिथली माणसं समुद्राकडे तोंड करून बसलेली, त्यांना आमच्या डोंगरातल्या ढोलाचं काय कौतुक असणार? पण धाडलं हो दर वर्षी. ऑफिसात नोकरीला लागले तेव्हापासून तर वर्षातली हक्काची रजा मी गणपतीपेक्षा शिमग्याला राखून ठेवायची. अंगण सारवलेलं, दारात ढोल घुमतोय, पालखी खांद्याखांद्यावर नाचत येतेय आणि तिच्यासमोर हातात नारळ घेऊन बाबा उभे. त्या वेळी बाबा जे बोलायचे ते ऐकायला मी यायची, खरं सांगायचं तर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घराकडे गाऱ्हाण्याचा मान आहे. पालखी ज्याच्या दारात बसते त्याचा नारळ हातात घ्यायचा आणि त्या घरासाठी देवाकडे मागणं घालायचं. आधी गावातल्या साऱ्या देवांना हाका: डोंगरावरच्या, पाण्यावरच्या, वेशीवरच्या. मग त्या घराचं जे काय असेल ते. कुणाची गाय गाभण राहत नाही, कुणाचे भाऊ भाऊ बोलत नाहीत, कुणाच्या मुलीचं जमत नाही. एकेक मागणं संपलं की जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." पन्नासेक घरं आणि प्रत्येक घराचं दुखणं वेगळं. बाबांनी हे चाळीस वर्षं केलं. यातलं कुठेही काही लिहिलेलं नाही, आणि लिहायचं नसतं अशी रीत आहे. बाबा आपल्या चुलत्यांच्या पाठीमागे उभं राहून शिकले, चुलते त्यांच्या बापाच्या. आता बाबांच्या पाठीमागे माझ्या भावाने, सुधीरने उभं राहायचं. तर सुधीर डोंबिवलीला. शिमग्याला दोन दिवस येतो, पालखी नाचवतो, घाम पुसतो आणि गाऱ्हाण्याच्या वेळी समोर जाऊन व्हिडिओ काढतो.

मी मुलगी, त्यातून दिलेली. माझी जागा बायकांत, तुळशीपाशी.

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात माझे धाकटे दीर बोटीवरून सुट्टीला आले. भाऊजी येताना काय उचलून आणतील याचा नेम नसतो. एकदा भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ आणलं, ते अजून आमच्या माळ्यावर आहे. त्या खेपेला कुठल्याशा बंदरातल्या जुन्या बाजारातून त्यांनी माझ्यासाठी एक यंत्र आणलं. वहिनी, तुम्ही एसटीत बसून लिहिता ना, मग हे घ्या. हिरवट प्लॅस्टिकचं, दप्तरात मावेल एवढं. टाइपरायटरसारखी पुरी बटणं आणि वर बोटभर उंचीची काचेची पट्टी. त्या पट्टीवर लिहिलेल्या चार ओळी दिसतात. झालं, एवढंच. इंटरनेट नाही, चित्र नाही, टुणटुण वाजणं नाही. तीन पेन्सिल सेल घातले की महिनोन् महिने चालतं. बटण दाबलं की काल जिथे थांबलो तीच ओळ समोर उभी. आमचे हे म्हणाले, कॅल्क्युलेटरने बाळसं धरलंय. म्हणू देत.

मी रविवारच्या पुरवण्यांसाठी काहीबाही लिहिते. फोनवर लिहायला बसावं तर निम्मा वेळ दुसऱ्यांच्या नातवंडांचे फोटो बघण्यात जातो. हे यंत्र मांडीवर घेतलं आणि हातखंब्याची वळणं आली तरी बोटं थांबेनात. त्याच्यात फक्त इंग्रजी अक्षरं, त्यामुळे आपण फोनवर लिहितो तशी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. दोन दिवसांत सवय झाली. शेजारी बसणाऱ्या बायका विचारायच्या, तिकिटं काढायचं मशीन का? मी हो म्हणायची.

माझ्या आईने त्याला नाव ठेवलं, पाटी. पाटी आणलीस? पाटी ओली होईल, आत घे. मग मीही पाटीच म्हणायला लागले. पाटीवर चारच ओळी दिसतात, पाचवी लिहायला घेतली की पहिली वर निघून जाते. ती आत कुठेतरी असते म्हणे, पण डोळ्यांना दिसत नाही. सुरुवातीला मला त्याने धास्ती वाटायची. सारखी मागे जाऊन बघायची, आहे ना, गेली नाही ना.

त्याच वर्षी माघात बाबांचंही तसंच व्हायला लागलं होतं. चहा पिऊन कप खाली ठेवायचे आणि चहा मागायचे. बैल विकून कितीतरी वर्षं झाली, तरी संध्याकाळी आईला विचारायचे, वैरण घातलीस काय? रत्नागिरीला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वय आहे, सांभाळून घ्या. सांभाळून घ्या म्हणजे काय करा, ते कोणी सांगत नाही. शिमगा महिन्यावर आला होता आणि मला रात्रंदिवस एकच घोर: बाबांना यंदा गाऱ्हाणं येईल ना? आणि त्यांना आलं नाही, तर मग या जगात ते कोणाला येतं?

आधी मी शहाण्यासारखा रेकॉर्ड करायला फोन काढला. पण बाबांच्या लेखी फोन म्हणजे सुधीर. फोन समोर धरला की देव राहिला बाजूला, बाबा त्याच्यात वाकून बघायचे. सुधीर, जेवलास काय रे? पोरं बरी हायत? मी सांगायची, बाबा, तो नाही यात, तुम्ही तुमचं बोला. ते मान हलवायचे आणि पुन्हा वाकायचे. तिसऱ्यांदा पलीकडून उत्तर येईना तेव्हा रुसले. सुधीरवर हो, माझ्यावर नाही. लेक मोठा साहेब झालाय, बापाशी बोलत नाय, असं आईला जाऊन सांगितलं.

मग एका रविवारी दुपारी ते आपोआप घडलं. पडवीत बाबा काजू घेऊन बसले होते. बोंडू डाव्या हातात धरायचा, उजव्याने बी पिरगळून काढायची, बी टोपलीत, बोंडू बादलीत. डिकाने त्यांची बोटं काळी पडलेली. मी भिंतीला टेकून मांडीवर पाटी घेऊन माझा लेख लिहीत होते. आणि बाबा पुटपुटायला लागले. दर वर्षी शिमग्याआधी ते असेच हात चालू ठेवून उजळणी करायचे, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. बा डोंगरावरच्या जागेवाल्या म्हाराजा, व्हाळावरच्या सती आये... माझी बोटं लेख सोडून कधी तिकडे वळली ते मला कळलं नाही. बाबांनी मान वर केली. काय गो करतंस बाय?

"हापिसचं काम आहे, बाबा," मी म्हटलं.

साफ खोटं. पण तोंडून गेलं. आणि बाबांना ऑफिसच्या कामाचा असा आदर, की लेकीला त्रास नको म्हणून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. आता आली का पंचाईत! मी ऐकायला पुढे सरकायची, ते मला जागा करून द्यायला मागे सरकायचे. असे आम्ही बापलेक पडवीभर सरकत होतो. आई दारातून बघत होती. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चूल फुंकता फुंकता ती मला हळूच म्हणाली, त्यांना समजलं तर वाईट वाटेल गो. आणि थोड्या वेळाने म्हणाली, पण लिव. मला तरी कुठे सगळं येतं?

चार रविवार मी तशी बसले. घराघराचं गाऱ्हाणं माझ्या पाटीत उतरलं. शेजारच्या तुकारामची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली, तर तिच्यासाठी बाबांचं मागणं होतं, म्हातारीला खाटेवरून उठीव, अंगणात चालती कर. कुणाच्या सुनेची कूस उजवायची होती. कुणा दोघांची बांधावरची भांडणं मिटवायची होती. आपल्या वाडीत एवढं दुःख आहे हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. बाबांना होतं, कारण ते वर्षभर प्रत्येकाच्या ओटीवर जाऊन बसायचे, आणि आई त्यांना रिकामटेकडे म्हणायची.

चौथ्या रविवारी, बाकीची सगळी घरं संपल्यावर, ते आमच्या घरापाशी आले. सुधीरचं झालं, त्याच्या पोरांचं झालं, आईच्या गुडघ्यांचं झालं. मग हातातली बी पिरगळायची राहिली.

"आनी ही माजी लेक," बाबा म्हणाले. "येवढ्या लांबून येते, ती बी हापिसचं काम संगती घेऊन. तिच्या मागचं काम सरव, म्हाराजा. माज्या घरी तिला घटकाभर टेकू दे."

पडवीत दुसरं कोणी नव्हतं. चुलीपाशी आई होती, ती सवयीने आतून म्हणाली, व्हय म्हाराजा.

मी तेही लिहिलं. लिहिता लिहिता रडत होते आणि लिहीत होते, इतकी मी लबाड. तेव्हाच बाबांचे पाय धरून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं तर ते बोलायचे थांबतील, ही भीती. घरी येऊन पाटी तारेने कॉम्प्युटरला जोडली. तिच्यातलं लिहिलेलं एकदम उडी मारून येत नाही. एकेक अक्षर करून पडद्यावर उमटतं, कोणीतरी समोर बसून सावकाश टाइप करत असल्यासारखं. मी खुर्चीत बसून शेवटच्या अक्षरापर्यंत ते बघितलं.

मग शिमगा आला. होळी झाली, देव सहाणेवर, गावच्या चौथऱ्यावर, बसले, दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी घरं घ्यायला निघाली. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला मुंडासं बांधलं. मी पहिल्या तीन घरांना जीव मुठीत धरून मागोमाग गेले. आणि बाबा काय बोलले म्हणता! एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिसऱ्या घरी तर मी मनात स्वतःला हसले. उगाच घाबरलीस, म्हटलं, बाबा अजून दहा वर्षं गाऱ्हाणं घालतील.

चौथं घर आमचं. दहाचा सुमार, ऊन अंगणात आलेलं. ढोल थांबला. आईने नारळ दिला, बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला. देवांना हाका घालून झाल्या, माणसांनी व्हय म्हाराजा म्हटलं. "आनी..." बाबा म्हणाले.

आणि थांबले.

माणसं चांगली असतात हो. बाबांना सावरायला म्हणून त्यांनी त्या 'आनी'वरच एकदा व्हय म्हाराजा म्हणून टाकलं. बाबांनी पुन्हा म्हटलं, आनी. मागचे बाळकाका, बाबांचे चुलत भाऊ, खाली मान घालून पायाने माती उकरायला लागले. सुधीरचा फोन समोर धरलेला तसाच. बाबांचे ओठ हलत होते. त्यांनी देवाकडे बघितलं, मग आमच्या घराकडे बघितलं, जणू ते कोणाचं घर आहे ते आठवत असावेत. माझ्या खांद्याच्या पिशवीत पाटी. मी तुळशीपाशी उभी. ती बाहेर काढून बटण दाबलं, तर ओळ समोर. बाबांना हवी होती तीच. माझ्या हातात होती आणि बाबांच्या तोंडात नव्हती.

मी बोलले. हळूच बोलले, पण ढोल थांबलेल्या अंगणात हळू काही राहत नाही. जी पोरं पोटासाठी मुंबईला आहेत. बाबांनी ते उचललं. "जी पोरं पोटासाठी मुंबैला हायत, त्यांच्या वाटंवर उभा रहा म्हाराजा." व्हय म्हाराजा. मी पुढची ओळ दिली, तीही त्यांनी घेतली. तिसरी देताना ते वळले. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातातल्या पाटीकडे बघत राहिले. चहा प्यायलेला विसरणारा माणूस, पण एवढं त्यांना लख्ख कळलं.

"हे हापिसचं काम?" त्यांनी विचारलं.

मी पाटी छातीशी धरली.

"सगळं लिवलंस?"

"हो, बाबा."

"सगळ्यांच्या घरचं?"

"हो."

बाबांनी मान डोलावली. नारळ सुधीरच्या हातात दिला. सुधीरला फोन कुठे ठेवावा ते समजेना.

"मग आता मी नको," बाबा म्हणाले.

रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर मी पाय तरी धरले असते. मुंडासं सोडून खांद्यावर टाकलं आणि जाऊन गर्दीत उभे राहिले, सगळ्यांत मागे. उरलेलं गाऱ्हाणं बाळकाकांनी कसंबसं चार वाक्यांत उरकलं, आणि त्याला सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा कोणी म्हटलं असेल, तर बाबांनी. पुढच्या घरांना ते गेले नाहीत. त्या दिवसापासून पडवीतली उजळणीही बंद झाली.

माझं मन मला खातं ते एकाच गोष्टीसाठी. मी आणखी एक मिनिट का थांबले नाही? कदाचित आलं असतं त्यांना. देव काही घाईत नव्हता, गावही नव्हता. घाई मला होती. बाबांची लाज वाचवायची म्हणून मी बोलले, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे ते थांबलेलं मला बघवेना. माझ्या जिवाला त्रास होत होता, म्हणून मी त्यांच्या हातातलं काढून घेतलं. आई म्हणते, तू नसतीस बोललीस तरी आज नाहीतर उद्या व्हायचं ते झालंच असतं. झालंही असतं. पण ते माझ्या हातून झालं नसतं.

गेल्या वर्षी सुधीरने गाऱ्हाणं घातलं. मी सगळं नीट मराठी अक्षरांत उतरवून त्याला फोनवर पाठवलं होतं. त्याने एका हातात नारळ, एका हातात फोन धरून वाचलं. आवाज चांगला आहे त्याचा, बाबांचाच आहे. तुकारामच्या दारात पालखी बसली. सुधीर वाचत होता, माणसं व्हय म्हाराजा म्हणत होती, आणि त्याच ओघात त्याने वाचलं, म्हातारीला खाटेवरून उठीव, अंगणात चालती कर, म्हाराजा. माणसं म्हणाली, व्हय म्हाराजा.

तुकारामची आई भाद्रपदात गेली होती.

सवयीने सगळ्यांच्या तोंडून ते निघून गेलं होतं आणि आता कोणाला कोणाकडे बघता येईना. तुकारामच्या बायकोने तोंडाला पदर लावला. तुकाराम समजूतदार, तो म्हणाला, असू दे, पुढचं घ्या. संध्याकाळी सुधीर माझ्यावर खेकसला, ताई, ते बदलायला नको होतंस? होतं रे बाबा, बदलायला हवं होतं. पण काय काय बदललं ते मला रत्नागिरीत बसून कोण सांगणार? आणि तुला डोंबिवलीत? ज्याला ठाऊक असायचं तो माणूस तेव्हा पडवीत बसून मला विचारत होता, तुमी कुठल्या पाव्हण्या?

आता पुन्हा फाल्गुन. ढोलांच्या वाद्या आवळून झाल्यात. सुधीरचा मेसेज आला आहे, नवीन यादी पाठव म्हणून. यादी म्हणतो तो. मी वाडीत दोन घरी जाऊन बसून बघितलं. त्यांनी चहा दिला, पोह्यांचा आग्रह केला, आणि कसं काय आहे विचारल्यावर म्हणाले, सगळं बरं आहे.

परवा दुपारी पडवीत बाबांसमोर काजूची टोपली होती. बोटांना अजून सगळं येतं. बी टोपलीत, बोंडू बादलीत. मी भिंतीला टेकले आणि पाटी मांडीवर घेतली. हल्ली ते काय करतंस म्हणून विचारत नाहीत. मी त्यांचं गाऱ्हाणं त्यांनाच वाचून दाखवते, दर रविवारी, पहिल्या ओळीपासून. का, ते मला विचारू नका. एखादा शब्द लागेल ठिकाणावर, एवढीच आशा. पहिली हाक ऐकली की त्यांचे हात थांबतात. काळ्या पडलेल्या बोटांनी ते नमस्कार करतात आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी म्हणतात, व्हय म्हाराजा. एकदाही चुकत नाहीत.

परवा मात्र मधेच त्यांनी मला थांबवलं.

"कोनाचं गो हे गाऱ्हानं?" बाबांनी विचारलं. "चांगलं घालतो मानूस."

मी मागे वळून बघितलं. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"हाय काय अजून तो?"

"हाय, बाबा," मी म्हटलं.

बरं झालं, म्हणाले. मग पुन्हा हात जोडून माझ्याकडे बघत बसले. मी पुढची ओळ वाचली.